अर्ध्या तासाची शिंक

ओलं बोट लागलं आणि टॅबलेटवरची पानं भराभर वर सरकली. कुठे होते, काही कळेना. हा खात्याच्या परीक्षेचा तिसरा आणि शेवटचा प्रयत्न... नापास झाले तर पाणीशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेतली माझी नोकरी जाणार होती. पुस्तक मात्र फक्त पडद्यावर, आणि पडद्यावरचं अक्षर काही केल्या डोक्यात टिकत नव्हतं.

"गढूळपणाच्या तक्त्यापाशी होतात तुम्ही," समोरच्या टेबलावरून आवाज आला.

तो पंपघराचा ऑपरेटर. जेवणाच्या सुट्टीतलं माझं पुटपुटणं म्हणे आठवडाभर त्याच्या कानावर पडत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पुटपुटता तेवढं लक्षात राहतं ना? मग ऐकूनच करा की अभ्यास. मी वाचून पाठवतो. मलाही परीक्षा द्यायचीय, माझी उजळणी होईल."

तेव्हापासून रोज एक धडा त्याच्या आवाजात फोनवर येऊ लागला. मागे पंपांची घरघर. 'क्लोरीन मिसळल्यावर पाणी किमान अर्धा तास ठेवावं', या वाक्यावर तर तो सणसणीत शिंकला आणि "माफ करा" म्हणून पुढे वाचू लागला. मी भांडी घासताना ऐकायची, चालताना ऐकायची. पुढेपुढे धड्यापेक्षा आवाजाचीच वाट पाहायची, हे कबूल करते.

परीक्षेत नेमका त्यावरच प्रश्न आला. मला शिंक ऐकू आली आणि मी हसत हसत उत्तर लिहिलं. मग मान वर करून त्याला शोधलं. तो एकाही बाकावर नव्हता.

बाहेर फाटकाशी उभा होता.

"तुम्ही परीक्षा नाही दिली?"

"दिली की... दोन वर्षांपूर्वी," तो खाली बघत म्हणाला. "खरं सांगितलं असतं, तर तुम्ही नको म्हणाला असता."

एकवीस धडे, आणि तेही फक्त माझ्यासाठी. आभार मानायचे मात्र राहूनच गेले.

महिन्याभरानं निकाल लागला. मी पास झाले. आईच्याही आधी पंपघरात फोन केला.

"आता काय वाचून दाखवू?" त्यानं विचारलं.

"आता मी बोलते, तुम्ही ऐका. तुमच्यामुळे पास झाले... आणि तुम्ही मला आवडता."

पंपांच्या घरघरीतून तो हळूच म्हणाला, "अर्धा तास थांबाल? ड्युटी संपतेय."

मी पंपघराच्या फाटकाशी थांबले. तो धावतच आला.

"मलाही तुम्ही..." एवढं म्हणाला आणि शिंकला. "माफ करा."

मी त्याचा हात हातात घेतला.