वसतिगृहामागची विहीर

दुष्काळाचं ते सलग दुसरं वर्ष. कॉलेजच्या कुंपणापलीकडं नव्या इमारती उठत होत्या आणि त्यांच्या बोअरांनी जमिनीतलं उरलंसुरलं पाणी ओढून घेतलं होतं. वनस्पतिशास्त्र शिकवणारी मेघा पुंडलिकनगरातून स्कूटरवर यायची ती आधी मागच्या माळावर जायची. तिथं तिनं विद्यार्थ्यांना घेऊन कडुनिंब, करंज, बहावा लावला होता. रोपांनी आता माना टाकल्या होत्या. टँकर वसतिगृहालाच पुरत नाही, झाडांना थेंब मिळणार नाही, असं प्राचार्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

मेघा खचली नाही. वसतिगृहामागची बुजलेली विहीर उपसायची आणि गच्चीवरचं पावसाचं पाणी पाइपानं तिच्यात सोडायचं, असं तिनं ठरवलं. पोरं हौसेनं भिडली. गाळ, प्लॅस्टिक, फुटक्या कुंड्या, सगळं वर आलं. शेवटी कातळ लागला. कोरडा ठणठणीत.

सगळे वर आल्यावर तळाशी राहिलेली बादली त्या पोरांतली योगिनी ओढायला लागली. ती फार जड लागत होती. काठावर आली तेव्हा काठोकाठ भरलेली होती.

"मॅडम! पाणी!"

एकच गलका झाला. कुणी ओंजळीनं प्यायलं, कुणी डोक्यावर ओतून घेतलं. माठातल्यासारखं गार, गोड पाणी. मग हातोहात बादल्या माळापर्यंत गेल्या. मेघाही पोरांच्या बरोबरीनं ओरडत होती. कितीतरी महिन्यांनी तिची साडी चिंब भिजली होती. विहिरीत वाकून बघायला कुणाला सवडच नव्हती.

दुसऱ्या दिवशी रोपं ताठ उभी होती. मेघा पोरांना घेऊन जवळजवळ पळतच विहिरीवर गेली. ऊन डोक्यावर होतं, तळ लख्ख दिसत होता. कातळ, धूळ, गुटख्याची एक पुडी.

तिनं बादली सोडली. ती दगडावर ठण्णकन आपटली आणि धुळीत कलंडली. दोर सैल पडला.

मग खालून कुणीतरी दोराला हलकाच हिसका दिला.

तिनं ओढलं. बादली भरलेली होती.

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मग योगिनी हसली. "कुठून का येईना मॅडम, येतंय ना!" तशी पुन्हा आरोळी उठली. मेघाचंही काळीज धडधडत होतं, पण भीतीनं नव्हे. कपारीत झरा असणार. तो सापडला तर अख्खा माळ हिरवा होईल!

"मी उतरतो," अभय म्हणाला. हा कन्नड तालुक्याकडचा मुलगा. "आमच्याकडं याच्याहून लई खोल विहिरी हायेत."

मेघानं स्वतःच्या हातानं त्याच्या कमरेला दोर बांधला. तो उतरला.

"काय दिसतंय?"

"नुसता फुफाटा हाय मॅडम."

"झरा?"

"नाय कुठंच."

"बादली सोडते. हात लावू नकोस. नुसतं बघ."

दुसऱ्या दोरानं बादली खाली गेली. हिसका आला. मेघानं ओढली. पाणी तिच्या पायांवर सांडलं.

"अभय, कुणी भरली?"



"काय भरली? बादली हितंच हाय की, माझ्यापाशी. रिकामी. ओढा ना."

हातातली बादली मेघानं खाली ठेवली.

"त्याला वर घ्या," ती म्हणाली. "आत्ता."

सगळ्यांनी मिळून दोर ओढला. अभयचं डोकं काठावर दिसलं. केसांत धूळ, शर्ट कोरडा, चेहऱ्यावर हसू.

"घाई कशाला केली मॅडम? आत्ताच तर उतरलो होतो."

पोरांचा जीव भांड्यात पडला. टाळ्या झाल्या, शिट्ट्या झाल्या, भरलेली बादली घेऊन सगळी माळाकडं धावली. काठ ओलांडायला अभयनं हात पुढं केला. मेघानं तो धरला.

हात थंडगार होता. बोटं पांढरीफटक, फुगलेली, आणि टोकांना खोल सुरकुत्या. दिवसच्या दिवस पाण्यात राहिल्यासारख्या.