थंड चुलीवरचं शिसं

माझी नणंद यशोदा सांगवीला नांदायला गेली, ते १९३७ साल. त्याच वर्षीच्या भाद्रपदात सणसरला आमच्या घरी हे घडलं. ऐकीव नाही. माझ्या डोळ्यांदेखत घडलं, आणि तेही भर दुपारी.

माझे मालक महिपती मोटारींच्या निकामी बॅटऱ्या आणायचे. आतलं पाणी ओतून द्यायचं, खोकं फोडायचं, पट्ट्या अंगणातल्या छपरीत कढईत वितळवायच्या. वर आलेली राख पळीनं काढली की खाली शिसं उरायचं. त्याच्या विटा पाडायच्या. बारामतीत नळाचे सांधे भरायला त्या लागत.

बायकांनी त्या छपरीत पाऊल टाकायचं नाही, असा त्यांचा दंडक.

आषाढापासून त्यांच्या पोटात कळा यायला लागल्या. हिरड्यांवर निळी रेघ उमटली. मग उजवं मनगट लोंबायला लागलं. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, "धूर अंगात भिनलाय. काम सोडा, नाहीतर जगणार नाही."

मी हातापाया पडले.

"दसऱ्यापर्यंतच्या विटा कबूल केल्यात," मालक म्हणाले. "शब्द दिलाय."

"आन् मला लग्नात काय दिला हुता? भोपळा?"

हसले. पुन्हा छपरीत गेले.

शेवटी माझं नाही, मनगटाचं ऐकावं लागलं. पळी उचलेना. ते बाजेवर पडले. खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी बाजरी निवडत होते.

खर्र... खर्र...

कढईत पळी फिरत होती.

मी बाजेकडे पाहिलं. मालक झोपलेले.

छपरीच्या दाराला बाहेरून कडी होती. मी ती काढली...

आत कुणी नव्हतं.

चुलीत थंड राख. आणि साच्यात ताजी वीट. बोट लावलं... चटका बसला.

मोटार हाकणारा सावळाराम बॅटऱ्या टाकायला आला, त्याला सांगितलं.

"वैनी, असलं भूत मला बी द्या की. मोटार तरी धुवंल," तो म्हणाला. पण बॅटऱ्या अंगणाबाहेरच ठेवून गेला.

रोज दुपारी तेच. रोज वीट वाढायची. आणि मालक रोज खंगायचे. झोपेतून उठवावं, तर बोटं काजळीनं काळी.

"अवं, कोण करतंय ह्ये?"

"मीच की."

"तुमी तर हितं पडलाय!"

"काम हुतंय न्हवं? मग कशाला वराडतीस?"

भिंतीशी बोलावं तसं झालं होतं. पळी मी विहिरीत टाकून आले.

दुपारी आवाज आलाच.

नवव्या दिवशी माझा धीर सुटला. आवाज सुरू होताच भरली घागर उचलली आणि दार लोटलं.

कढई काठोकाठ भरलेली. शिसं चांदीसारखं चमकत होतं. खाली जाळ नव्हता. पळी नव्हती. तरी मधोमध भोवरा फिरत होता... कुणीतरी सावकाश ढवळावं तसा.

"पुरं झालं आता!" मी ओरडले.

अख्खी घागर त्यात ओतली.

तापल्या शिशावर पाणी टाकू नये. त्या कामातला माणूस हे पहिल्या दिवशी शिकतो. मला कुणी शिकवलंच नव्हतं.

बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. शिसं छपराला जाऊन चिकटलं. माझ्या अंगावर एक थेंब पडला नाही.

किंकाळी घरातून आली.

धावले. मालक बाजेवर तडफडत होते. गळ्यात, छातीत शिशाचे मणी रुतलेले. अंगावरची गोधडी मात्र कुठंच जळलेली नव्हती.

डॉक्टरांनी चिमट्यानं एकेक मणी काढला.

"हे काम सोडायला सांगितलं होतं ना?" ते माझ्यावर खेकसले.

"सोडलं हुतं," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी खोटं बोलतेय. नंतर ज्याला ज्याला सांगितलं, त्यानंही तसंच पाहिलं. मी पाणी ओतलं नसतं तर ते वाचले असते की त्या विटांनीच त्यांना संपवलं असतं, हे मला अजून उमगलेलं नाही. राग कुणावर धरावा, तेही नाही.

माझे मालक महिपती त्याच साली आश्विनात, खंडेनवमीला सकाळी वारले.