कॅनडाचा फोटो, दुसऱ्यांदा

“हसायचं नाही,” मनालीने कॅमेऱ्यामागून बजावलं. “कॅनडाला गंभीर माणसं लागतात.”

“मी गंभीरच आहे.”

“ओठ बघा तुमचे.”

स्टुलावरच्या तरुणाने ओठ मिटले. पण डोळे... त्यांचं ती काय करणार?

सिडकोतल्या तिच्या स्टुडिओत परदेशी निघालेले रोज येत. फोटो काढायचा, ऑनलाइन अर्ज भरून द्यायचा, चेहरा विसरायचा. रविराज मात्र लक्षात राहिला. दिंडोरीचा मुलगा, कॅनडात ट्रक दुरुस्त करणारा. बहिणीच्या लग्नासाठी आला होता. तिकडचं कामाचं परमिट तात्पुरतं. कायमच्या वास्तव्याचा अर्ज शेवटच्या टप्प्यात होता; फोटो त्यासाठीच.

दोन दिवसांनी तो पुन्हा दारात. हातात द्राक्षांची पेटी.

“फोटोत सावली पडलीय म्हणे.”

“माझ्या फोटोत सावली? कोण म्हणालं?”

“...मीच.”

“मग डोळे तपासा आधी!”

तरी तिने फोटो पुन्हा काढला. या वेळी हसू तिलाच आवरेना.

मग रोजच काहीतरी निमित्त निघू लागलं. थंडीतल्या सकाळी सोमेश्वरच्या धबधब्याशी चहा, तिखट मिसळीवर त्याचं नाक पुसणं, तिचं चिडवणं – “कॅनडाने पार मऊ केलंय तुला.” कधीतरी ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. सुट्टी संपत आली तसे दोघंही कमी बोलू लागले.

निघायच्या आदल्या दुपारी तो मोबाइल घेऊन आला. अर्जात शेवटचं विचारलं होतं – वैवाहिक स्थिती बदलली आहे का?

“अजून उत्तर दिलं नाही,” तो म्हणाला. “मनाली, आपण लग्न करू. तिकीट पुढे ढकलतो.”

असे अर्ज तिने कितीतरी भरले होते.

“आता लग्न केलंस तर माझं नाव जोडावं लागेल. माझे कागद, तपासण्या... तोवर तुझं परमिट संपेल.”

“मग परत येईन.”

“एवढी वर्षं बर्फात काढलीस ती यासाठी? आणि पुढे कधी माझ्यावर चिडलास, की हेच काढशील.”

“नाही काढणार.”

“काढशील. मीही काढलं असतं.”

तिने मोबाइल घेतला. ‘नाही’ हे उत्तर निवडलं. आज ते खरंच होतं. अंगठा क्षणभर थांबला... मग तिनेच ते पाठवलं.

रविराज खाली बघत राहिला. “म्हणजे... नाही?”

“मघाशी काय विचारलंस ते पुन्हा विचार.”

“आता कशाला?”

“मघाशी हो म्हटलं असतं तर तू सगळं सोडलं असतंस. आता तुला काही सोडावं लागणार नाही. विचार ना.”

त्याने विचारलं. अगदी हळू.

“हो,” ती म्हणाली. “लग्न तुझा अर्ज मंजूर झाल्यावर; मग मला तिकडे यायला वेळ लागला तर लागू दे. पण फोन रोज करायचा. आणि तिथे कायमचा झालास की आधी इकडे ये... माझ्या आईसमोर बसायला.”

बाहेर एक गिऱ्हाईक काचेवर टकटक करत होतं. मनालीने हातानेच सांगितलं – थांबा जरा. दुसरा हात रविराजच्या हातात होता, आणि तो तिला इतक्यात सोडवायचा नव्हता.