दार लावलंस का?

“ताई, बाळाच्या खोलीत एक पुरुष बोलतो,” असं माझ्या लेकीला सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्या, तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. म्हटलं, डुलकी लागली असेल.

चार दिवसांनी मी स्वतः तो आवाज ऐकला.

दुपारचे दोन. पाळण्यात आठ महिन्यांची माझी लेक गाढ झोपलेली. खोलीत चिटपाखरू नाही. आणि अगदी जवळून दमलेला, मायेचा आवाज आला, “दार लावलंस का? मला उशीर होईल. जागू नकोस.”

दार उघडंच होतं. लेकीला छातीशी धरून मी अनवाणी जिन्यात धावले. तिथे वरच्या मजल्यावरच्या काकू कठड्याला धरून उभ्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, “आमचे हे हल्ली बोलतच नाहीत गं.”

काका जाऊन दोन वर्षं झाली होती. मी पाठ फिरवून तशीच खाली पळाले.

नवरा परगावी होता. नणंद कंपन्यांची नेटवर्क सांभाळते, म्हणून दुसऱ्या दिवशी तिला बोलावलं. “आज छडा लागला नाही, तर मी पोरीला घेऊन माहेरी जाणार. बॅग भरलीय.”

“भूत असलं तरी चालेल, वहिनी. न विचारता शिरलेलं नको,” म्हणत ती नवऱ्याने घरात बसवलेल्या सर्व्हरसमोर बसली. आमच्या घरातलं सगळं इंटरनेट त्याच्यातून जातं. इंटरनेटवर यायला प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो; तो ओळखीच्या यंत्रालाच पत्ता देतो आणि यादीत नाव घालतो.

“अनोळखी कुणीच नाही,” ती म्हणाली. मग थबकली. “बाळाच्या खोलीत काय काय आहे?”

“गाणी लावायचा वायरलेस स्पीकर.”

“तो या यादीत नाही.”

“पण चालतो की.”

“मग त्याला पत्ता दिला कुणी? तिथला राउटर कुणी जोडला?”

“मी. पंधरा दिवसांपूर्वी. तिथे रेंज येत नव्हती. काकूंना मुलाने नवा पाठवला, जुना त्यांनी मला दिला. तुझ्या दादाने परगावी जाण्याआधी त्याच्या वायरींच्या भोकांवर चिठ्ठ्या लावल्या होत्या. ‘आत’ आणि ‘बाहेर’.”

“सर्व्हरची वायर कुठे लावलीस?”

“ती खोलीबाहेरून येते ना. म्हणून ‘बाहेर’मध्ये.”

तिने कपाळाला हात लावला. “राउटरचं नाव, पासवर्ड बदललास? त्याचं पत्ते वाटणं बंद केलंस?”

“लेक रडायला लागली. राहूनच गेलं.”

नणंदेने राउटरची स्वतःची यादी उघडली. माझा फोन आणि स्पीकर. दोनच नावं. आम्ही बघत बसलो. दोन वाजले आणि तिसरं नाव उगवलं. एक टॅब.

पलीकडच्या खोलीत आवाज सुरू झाला. “दार लावलंस का?”

नणंदेने छताकडे पाहिलं. “चल वर.”

काकूंनी दार उघडलं. त्या केवढ्या वाळल्या होत्या, ते मला तेव्हा दिसलं. हातात टॅब होता. “मुलाने यांचे फोनवरचे जुने निरोप यात घालून दिलेत. रोज दुपारी ऐकते. आता पडद्यावरची रेघ नुसती पुढे सरकते, आवाज नाही. वाटलं, रुसले.”

नणंद त्यांच्याजवळ बसली. “रुसले नाहीत, काकू. तुमच्या टॅबला जुन्या राउटरचं नाव, पासवर्ड पाठ आहे. तो खाली गेला, तरी हा त्यालाच चिकटला. सर्व्हरची वायर ‘आत’मध्ये असती आणि पत्ते फक्त सर्व्हरने वाटले असते, तर टॅब दारातच अडला असता. वहिनीने घरात दुसरं घर थाटलं, तेही बिनराखणीचं. त्यात तुमचं बोट चुकून टॅबवरच्या आमच्या स्पीकरच्या खुणेवर पडलं, आणि काका खाली बोलू लागले.”

म्हणजे गुन्हेगार मीच. एक वायर चुकली, आणि एका बाईचा नवरा दुसऱ्यांदा गेला.

नणंदेने टॅबवरची ती खूण बदलली. काकांचा आवाज काकूंच्या खोलीत आला. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि टॅब कानाशी धरला.

वायर दहा मिनिटांत बदलली, बॅग रिकामी झाली. मला मात्र अजून झोप लागत नाही. जिन्यात त्या बोलल्या होत्या, आणि मी घाबरून पाठ फिरवली होती.

तुमच्या वर, खाली, शेजारी कुणी एकटं राहत असेल, तर आज जाऊन या. उंबऱ्यावरून परतू नका. घटकाभर बसा.