चुलीपासची जागा

योन्तेन, तो फोन ठेव आधी. कुणावर खेकसत होतास एवढा? घरमालकिणीवर? तिच्याकडे मयत झालंय, ती उद्या पाहुण्यांना जेवायला नको म्हणतेय, आणि तू तिला दम देतोस? वा रे गाइड! बस इथं. शेगडीत लाकूड सरकव. पाहुणे वर झोपलेत, आपल्या गाइड-ड्रायव्हरांच्या खोलीत आता कोणी येत नाही. आपल्या गाइड नामगेचं तुम्ही पोरांनी जे ऐकलंय ते अर्धवट आहे. त्या रात्री गाडी माझ्या हातात होती.

तारीख नोव्हेंबरची सतरा, शुक्रवार. चंद्राची कोर लवकर मावळलेली. काम साधंच होतं. पाहुण्यांना पारोहून वरच्या गावात न्यायचं, आपा ठिनलेच्या घरी जेवू घालायचं, परत हॉटेलवर सोडायचं. तीन देशांची सहल होती ती. काठमांडूत नदीकाठच्या चिता बघून झाल्या, त्यांचे फोटो काढून झाले. सिक्कीममध्ये मुखवट्यांचे नाच झाले. आता इथं भूतानात शेवटच्या रात्री त्यांना हवा होता एक खराखुरा म्हातारा.

पत्रकावर आपा ठिनलेचाच फोटो होता. बोळकं तोंड, हातात घरच्या दारूची, आऱ्याची सुरई. माझ्याच वयाचा. लाकडं फोडताना उजव्या पायाचा अंगठा गेलेला, आणि पाहुण्यांना तोही हौसेनं दाखवायचा. नामगे दर वेळी एकच विनोद करायचा. "आपा ठिनले, बायकोला किती वर्षं छळलंत?" म्हातारा म्हणायचा, "मी कुठला? तिनंच मला!" की सगळं घर हसायचं. त्याची बायको आमा देम सगळ्यांत जास्त हसायची.

अडचण एकच होती. आपा ठिनलेला वारून अठरा दिवस झाले होते.

आम्ही पोचलो तेव्हा चुलीपाशी त्याची जागा मोकळी ठेवलेली होती. समोर वाटीत लाल भात आणि मिरची-चीजचं कालवण. आमा देम नामगेला बाजूला घेऊन म्हणाली, "त्याला अजून कळलेलं नाही रे. तो येतो, बसतो, आम्हाला हाका मारतो. आम्ही उत्तर द्यायचं नाही. दिलं, तर त्याला वाटेल आपण आहोतच. एकविसाव्या दिवशी लामा दारात राख पसरणार आहेत. तो तिच्यावरून चालेल, मागं वळून बघेल, स्वतःचा ठसा दिसणार नाही. मग त्याला समजेल आणि तो सुटेल. तेवढे तीन दिवस जाऊ देत. त्याचं नाव घेऊ नकोस, पाया पडते तुझ्या."

नामगे हसला. "आमा, पाहुण्यांना काय माहिती कोण मेलं? त्याच्या भावाला बसव ना. पेन्जोरचं नाक तर तस्संच आहे."

"नामगे..."

"नको तर नको. पलीकडच्या घरातही चूल आहे. मग वर्षभर गाडी तिकडंच थांबेल."

त्या गाड्यांवर तिचं घर चालत होतं. लेक, नातवंडं, सगळं. नामगेनं खुंटीवरचा म्हाताऱ्याचा अंगरखा स्वतःच्या हातानं काढला आणि पेन्जोरच्या अंगावर चढवला. चुलीपासची वाटी उचलली, मांजरापुढं ठेवली. मी कोपऱ्यात जेवत होतो. मला त्याचा असा राग आला होता... पण बोललो नाही. गाइडपुढं ड्रायव्हर बोलत नाही, तुम्हालाही माहितीये.

अंगणात फोटो काढत थांबलेले पाहुणे आत आले. टाळ्या झाल्या. पेन्जोर त्या जागेवर मान खाली घालून बसला होता. नामगे मधोमध उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "हे आपले यजमान, आपा ठिनले! आपा ठिनले, बायकोला किती वर्षं छळलंत?"

"मी कुठला? तिनंच मला!"

नुसत्या सुरावरच पाहुणे हसले.

पेन्जोरचे ओठ मिटलेले होते.

आमा देमच्या हातातला डाव खाली पडला. मांजर वाटी सोडून पळालं. मी पेन्जोरकडे बघितलं. तो घामानं भिजला होता, आणि एका बाजूला सरकत होता. हळूहळू. शेजारी कुणीतरी दाटीवाटीनं बसावं, तसा.

"देम..." आवाज त्याच्या शेजारून येत होता. "वाढतेस, आणि बोलत नाहीस. माझं काय चुकलं?"

आमा देमनं झग्याची बाही तोंडात कोंबली. तिचे डोळे वाहत होते. पण ती बोलली नाही.

"काय म्हणतायत आजोबा?" एका पाहुणीनं विचारलं.

नामगेचं तोंड पांढरंफटक. पण सवय बघा मेल्याची! तो म्हणाला, "म्हणतायत... बायको रुसलीय."

पुन्हा हशा. पुन्हा टाळ्या.

मग तो आवाज नामगेकडे वळला. कसा वळला ते विचारू नका. कळतं माणसाला.

"नामगे... तू तरी बोलतोस. इथं कुणी बोलत नाही. तुझ्याबरोबर येतो मी."

परतताना नामगे माझ्या शेजारच्या सीटवर होता. अर्धाच बसलेला, दाराला चिकटून. मी म्हटलं, "नीट बस की." त्यानं मधल्या रिकाम्या जागेकडे बघितलं, मग माझ्याकडे. बसला नाही.

एकविसाव्या दिवशी लामांनी राख पसरली. बराच वेळ मंत्र म्हटले, हाका घातल्या. मग थांबले. पोथी मिटून म्हणाले, "कुणाला सांगू? या घरात कुणीच नाही."

नामगे दाराशी उभा होता. आमा देम त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "अठरा दिवस मी तोंड दाबून काढले. तो मला विचारायचा, देम, काय चुकलं? आणि मी भांडी घासत बसायचे, त्याला सुटता यावं म्हणून. तू एका विनोदासाठी घालवलंस सगळं." तिनं त्याला मारलंही नाही. मारायला हवं होतं.

लामा नामगेला म्हणाले, "बोलावलंस तू. आता तूच सांग त्याला."

तो सांगायचा, बाबांनो. या इथंच, पलीकडच्या खोलीत, रोज रात्री. भिंतीआडून मला ऐकू यायचं. "आपा, तुम्ही मेलात हो! जा ना आता!" मग बोळक्या तोंडाचं हसू... "मेलेल्याला कुणी नावानं हाक मारतं का रे?"

लावलास फोन, योन्तेन? माफी माग तिची. नुसतं 'बरं' म्हणून ठेवू नकोस, नीट माग... हां. आता शेवट ऐक.

जानेवारीत पौर्णिमेच्या आदल्या रात्री नामगे पायी वर गेला. आमा देमचं दार ठोठावू लागला. तिनंच मला सांगितलं हे. बाहेर दोन आवाज होते. एक म्हणत होता, "आमा, दार उघड, गारठून मरेन मी." दुसरा म्हणत होता, "देम, दार उघड." आळीपाळीनं. बराच वेळ.

"मग उघडलं का नाहीस?" मी विचारलं.

ती म्हणाली, "दोघांतला जिवंत कोण, ते मला कळेना. आणि मेलेल्याला उत्तर द्यायचं नसतं."

नंतर एक आवाज थांबला. मग दुसराही.

सकाळी तिनं मला बोलावून घेतलं. नामगे पायरीवर बसलेला. लाकूड झालेला. बूट पायातच. रात्रीचं दंव गोठून अंगण पांढरं पडलं होतं, कुणाचं पाऊल उमटलं तर लगेच दिसावं असं. मी फाटकाशीच थांबलो. रस्त्यापासून पायरीपर्यंत माग होता.

एकच.

अनवाणी पावलांचा. उजव्या पावलाला अंगठा नव्हता.

नामगेच्या बुटांचा... कुठंच नव्हता.