खालाचं गुलाबपाणी आणि तात्यांची गुलाबदाणी

सुट्टीचा बेत पक्का होता. पाणचक्कीच्या हौदावर जायचं, माशांना फुटाणे टाकायचे आणि पाय घसरल्याचं सोंग करून पाण्यात पडायचं. पडायचं कुणी, एवढाच प्रश्न होता. सांडू म्हणत होता रईसानं, रईसा म्हणत होती सांडूनं, आणि सांडूची धाकटी बहीण आवडी म्हणत होती की दोघांनीही. तो वाद तसाच राहिला, कारण बेगमपुऱ्याच्या गल्लीत तात्यासाहेबांचा आवाज चढला होता.

तात्यासाहेब हे सांडू-आवडीचे चुलते. ते उभे होते नजमुन्निसाच्या दारात. नजमुन्निसा रईसाची खाला, म्हणजे मावशी. त्यामुळे ती तिघांचीही खाला झाली होती. आदल्या दिवशी तात्यांच्या मुलीचं लग्न झालं. मांडवात तात्यांनी गुलाबदाणीतून पाहुण्यांवर खालाचंच गुलाबपाणी शिंपडलं. व्याह्यांच्या पांढऱ्या अंगरख्यावर हिरवे डाग पडले आणि नवरीचे डोळे चुरचुरून लाल झाले.

"हिच्याकडून कुणी एक थेंब घेऊ नका," तात्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले. "पाण्यात काय कालवते कुणाला ठाऊक!" आणि उरलेली बाटली त्यांनी तिच्या उंबऱ्यावर उपडी केली.

दुपारपर्यंत शेजारपाजारच्या बायकांनी आपापल्या बाटल्या मुकाट्यानं तिच्या दाराशी आणून ठेवल्या. चैत्रभर तिचं गुलाबपाणी डोळ्याला लावणाऱ्या याच बायका. पण मोठ्या माणसांचं असंच असतं, एक बोलला की बाकीच्यांना विचार करायचे कष्ट पडत नाहीत.

मुलांना मात्र राग आला, कारण ते पाणी त्यांनीही केलं होतं. उजाडता उजाडता अंगणातली गुलाबाची फुलं तोडायची, चुलीवरच्या देगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, पाण्यासकट पाकळ्या घालायच्या, मधोमध विटेवर वाटी ठेवायची. वर झाकण उपडं घालून कडेनं कणीक लिंपायची. झाकणावर गार पाणी ओतत राहायचं, ते कोमट झालं की बदलायचं. आतली वाफ गार झाकणाला लागून वाटीत थेंब थेंब उतरायची. कणकेला चीर गेली तर वास पळून जातो म्हणून खाला तिथून हलायची नाही. हलायची ती फक्त शेळीसाठी. शेळी गुलाबाकडे वळली की खाला काठी घेऊन धावायची. नवरा गेल्यापासून त्या देगेवरच तिचं पोट होतं.

"आता मी करायचं काय, बेटा?" तिनं रईसाला विचारलं. रईसाला रडू आलं.

परत येताना आवडी एकाएकी थांबली. "तात्यांनी ओतलं ते पाणी हिरवं कुठं होतं? माझ्या पायावर उडालं. साफ होतं की!"

बाटलीतलं पाणी साफ आणि मांडवातलं हिरवं. म्हणजे मधे जे काही झालं ते गुलाबदाणीत!

पण गुलाबदाणी तात्यांच्या कपाटात कुलूपबंद. बाहेरून चांदीचा मुलामा, आतून तांबं, आजोबांच्या वेळची. तात्या तिला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. चार दिवसांनी मांडवपरतणीला व्याही मंडळी येणार होती, तेव्हा ती बाहेर निघणारच होती. आवडीला पहाऱ्यावर बसवलं. ती एवढीशी आहे, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

आदल्या संध्याकाळी ती धापा टाकत आली. "तात्या सोताच घासतेत! चिंच कोळून आत कोंबली, काडीनं ढवळली, जरा विसळली न् लगेच गुलाबपाणी भरून ठेवलं. आत कायतरी खुळखुळतंय. तात्या म्हनले, जुनी वस्तू हाय, वाजायचीच."

रईसानं कपाळावर हात मारला. कल्हई उडालेल्या तांब्यात आंबट ठेवू नये, ते कळकून हिरवं होतं, हे तिला शेंबडी असल्यापासून ठाऊक होतं. एकदा तसल्या भांड्यात आमटी ठेवून तिनं अम्मीचा मारही खाल्ला होता.

"आत्ताच सांगू तात्यांना," आवडी म्हणाली.

"ऐकतील व्हय?" सांडू म्हणाला. "कान धरून बाहीर काढतील. सगळ्यांदेखत दाखवू."

दुसऱ्या दिवशी बैठक भरली. तात्या गुलाबदाणी घेऊन उठले आणि म्हणाले की या वेळी काळजी नको, पाणी चौकातल्या अत्तरवाल्याकडचं आहे, खात्रीचं. ते व्याह्यांकडे वळणार तोच सांडूनं मधे येऊन पांढराशुभ्र रुमाल पसरला. आधी यावर शिंपडा, म्हणजे पाहुण्यांना भीती राहणार नाही, असं तो अगदी नम्रपणे म्हणाला. व्याह्यांनाही ते पटलं.

तात्यांनी शिंपडलं. रुमालावर हिरवे डाग उमटले.

रईसानं पुढं होऊन गुलाबदाणी त्यांच्या हातातून घेतली, तिची मान फिरवून काढली आणि ती तबकात उलटी केली. हिरवट चोथा पडला, आणि त्यामागून टण्णकन एक चिंचोका. मग तिनं खालानं मजुरी म्हणून दिलेली कुपी काढली आणि रुमालाच्या कोऱ्या टोकावर शिंपडली. डाग पडला नाही. खोलीभर गुलाबाचा वास सुटला.

व्याही पोट धरून हसले. "पोरं लई बेरकी हायेत तुमची!" मग तात्याही हसले, दुसरं करणार काय? त्यांनी तिघांच्या पाठी थोपटल्या, मुठीत पेढे दिले, घराण्याची अब्रू राखलीत म्हणाले.

"तात्यासाहेब, खालाकडे कधी येताय?" रईसानं विचारलं.

"मी कशाला? गड्याबरोबर लुगडं पाठवतो. आणि सांग तिला, पुढच्या लग्नाला दुप्पट कर म्हणावं."

मुलं पळतच खालाकडे गेली. सांगताना तिघं एकदमच बोलत होती. खालानं सगळं ऐकून घेतलं, तिघांच्या डोक्यावरून हात फिरवला, तुमच्यासारखी लेकरं सगळ्यांना मिळोत म्हणाली. मग विचारलं, "सांगायला कोण येणार?"

"गडी," सांडू खाली बघत म्हणाला.

"मला बोलले ते साऱ्या मोहल्ल्यासमोर. आता खरं सांगायला गडी येणार, तेही कानात." ती उठली नाही. "लुगडं परत ने म्हणावं. मी आता पाणी करत नाही, बेटा."

तेव्हा कुठे रईसाचं देगेकडे लक्ष गेलं. देगेत शेळीसाठी पाणी भरून ठेवलं होतं. शेळी कोपऱ्यात गुलाबाचं शेवटचं रोप ओरबाडत होती, बाकीच्यांचे नुसते बुडखे उरले होते. रईसानं हातातला पेढा खाल्ला नाही.

तिनं सवयीनं भिंतीशी उभी केलेली काठी उचलली. खालाकडे पाहिलं. खाला शेळीकडे बघत शांत बसून होती. रईसानं काठी परत जागेवर ठेवली.