चंद्रोदयापर्यंत

संध्याकाळचा चहा घेता घेता ऋजुता फाटकने पडद्याकडे पाहिलं. भेगशोधकाला नवी भेग सापडली होती. रुग्णांच्या उपकरणांमधले संगणक हा शोधक सतत चाचपत असे. कमकुवत जागा सापडली की तिचा प्रकार आणि धोक्याची पातळी ठरवी. पातळी सर्वोच्च असेल, तर तासाभरात ती स्वतःच बुजवून टाकी.

"इन्सुलिनचा पंप आहे," शेजारच्या टेबलावरून इम्रान मुजावर म्हणाला. "पासवर्ड न विचारताच कुणाचंही ऐकतो. आणि ही भेग कुणीतरी वापरतंय. शेकडो घरांत, महिन्यातून एकच दिवस. शोधक म्हणतो, संघटित हल्ला. पातळी सर्वोच्च."

"हल्लेखोर करतात काय?"

"रात्री आठचा डोस पुढे ढकलतात. बस, एवढंच!"

ऋजुताने जुन्या तारखा पाहिल्या, मग भिंतीवरचं कॅलेंडर. तिने वाईला मावशीला फोन लावला. मावशीच्या पोटावर तोच पंप होता.

"मावशी, आज उपास?"

"संकष्टी नाही का! विसरलीस ना?"

"आणि पंप?"

"त्याला सांगितलंय, चंद्र दिसेपर्यंत गप्प बस. डॉक्टर वेळ बदलून देत नाहीत, उपासच सोडा म्हणतात. मग आमच्या भजनी मंडळातल्या शालनने युक्ती शोधली. आता गावोगावच्या बायका करतात."

"आजच्या दिवस थोडं खाऊन घेशील?"

"तुझी आई दवाखान्यात होती तेव्हाही मोडली नाही. तुझ्या कॉम्प्युटरसाठी मोडू होय गं?"

ऋजुताने फोन ठेवला. भेग बुजताच पंप मूळ वेळापत्रकावर येणार होता. आठ वाजता, रिकाम्या पोटी, पूर्ण डोस. साखर उतरून मावशी देवापुढेच कोसळली असती, तिच्यासारख्या शेकडोजणीही.

"उघडी ठेवली तर कुणीही कुणालाही मारू शकेल," इम्रान म्हणाला.

"माहितीये."

तिने बुजवणं थांबवलं. शोधकाने कारण विचारलं. दिलेल्या पर्यायांत तिचं कारण नव्हतं. तिने टाइप केलं : चंद्रोदयापर्यंत.

साडेसात वाजता त्याच भेगेतून आणखी एक विचारणा आली. पत्ता कुठल्याच घराचा नव्हता. डोस पुढे ढकलायला कुणी सांगत नव्हतं. सगळ्या पंपांना एकच प्रश्न होता : आत किती इन्सुलिन शिल्लक आहे?

ऋजुताचा हात भेग बुजवायच्या बटणावर गेला आणि तिथेच थांबला. चंद्र उगवायला अजून दोन तास होते. हे विचारणारी आईची काळजी करणारी कुणाची तरी मुलगी होती, की ते सगळं इन्सुलिन एकदम सोडू पाहणारं दुसरंच कुणी?